पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर : जीर्णोद्धाराचे व्रत

काशीस विश्वनाथाचे दर्शन घ्यावे, गयेस विष्णुपदी पिंडदान करावे, प्रभासपाटणास सोमनाथासमोर नतमस्तक व्हावे आणि परतीच्या वाटेवर वेरूळास घृष्णेश्वराच्या पिंडीवर बेल वाहावा. महाराष्ट्रातील भाविक वर्षानुवर्षे अशी यात्रा करीत आला आहे. या चारही क्षेत्री पुजाऱ्यांच्या, घाटावरील उपाध्यांच्या आणि धर्मशाळेतील सेवेकऱ्यांच्या तोंडून त्याला एकच नाव ऐकावयास मिळते. ते नाव म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर. त्यांच्या राज्यकारभाराविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पडलेली वास्तू उभी करून ती पुन्हा वापरात आणणे आणि पुढे ती वापरात राहील अशी तजवीज करणे हा त्यांच्या कार्याचा विशेष मात्र त्या मानाने दुर्लक्षित राहिला. यात्रेकरूंना त्याचे दर्शन पावलोपावली घडते, म्हणून तो येथे थोड्या विस्ताराने देत आहोत.

अहिल्यादेवींचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. सीना नदीच्या काठी वसलेले हे छोटेसे गाव जामखेड तालुक्यात आहे. त्या जिल्ह्यास २०२४ पासून अहिल्यानगर असे नाव मिळाले आहे. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील, आई सुशीलाबाई. धनगर समाजातील या घरात मुलीस अक्षरओळख करून देण्यात आली, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. मोहिमेवर निघालेल्या सुभेदार मल्हारराव होळकरांनी चौंडीच्या देवळात ही तेजस्वी बालिका पाहिली आणि आपल्या मुलासाठी तिला मागणी घातली, अशी आख्यायिका सांगतात. इ. स. १७३३ मध्ये खंडेराव होळकरांशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना मालेराव हा पुत्र आणि मुक्ताबाई ही कन्या झाली.

सासरे मल्हारराव आणि सासूबाई गौतमाबाई या उभयतांनी सुनेची बुद्धिमत्ता ओळखली. वसुलीचे हिशेब, पत्रव्यवहार, फौजेला लागणारे सामान, तोफखान्याची व्यवस्था अशी कामे मल्हारराव त्यांच्यावर सोपवीत. सुभेदार मोहिमेवर असताना दौलतीचा घरचा कारभार त्याच पाहत.

१७५४ मध्ये भरतपूरजवळील कुंभेरीच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून खंडेराव धारातीर्थी पडले. अहिल्यादेवी सती जाण्यास निघाल्या तेव्हा वृद्ध मल्हाररावांनी त्यांना कळवळून थांबविले. १७६१ मध्ये गौतमाबाई गेल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे मल्हाररावांचे देहावसान झाले आणि १७६७ मध्ये मालेरावही गेले. तेरा वर्षांत पती, सासू, सासरे आणि एकुलता एक मुलगा काळाने नेला.

वारस उरला नाही असे पाहून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी राघोबादादांशी संधान बांधले. राघोबादादा फौज घेऊन माळव्याकडे निघाले. अहिल्यादेवींनी एकीकडे शेजारच्या मराठा सरदारांना पत्रे धाडली, दुसरीकडे स्त्रियांची तुकडी सज्ज केली, आणि दादांना कळविले की या लढाईत ते जिंकले तरी एका स्त्रीला हरविल्याचा लौकिक त्यांना शोभणार नाही आणि हरले तर जगात तोंड दाखविण्यास जागा उरणार नाही. दादांनी सांत्वनास आल्याचे सांगून वेळ निभावून नेली. थोरल्या माधवराव पेशव्यांनी अहिल्यादेवींच्या कारभारास मान्यता दिली. फौजेचे नेतृत्व तुकोजी होळकरांकडे आले आणि राज्याचा कारभार अहिल्यादेवींच्या हाती राहिला. तो पुढे अठ्ठावीस वर्षे त्यांच्याकडेच होता.

त्यांनी राजधानीसाठी नर्मदातीरावरील महेश्वर निवडले. येथे मुघल काळातील जुना किल्ला होता. त्याची डागडुजी करून आत त्यांनी आपला वाडा बांधला. लाकडी खांब, साधी ओसरी, देवघर आणि पांढऱ्या गादीची बैठक एवढाच त्याचा थाट. राजवाडा म्हणून पाहावयास जाणारा यात्रेकरू तो पाहून थोडा बुचकळ्यात पडतो. किल्ल्याच्या पायथ्याशी मात्र नर्मदेवर जे घाट बांधले गेले, त्यांच्या दगडी पायऱ्या, ओवऱ्या आणि कोरीवकाम पाहून डोळ्यांचे पारणे फिटते. स्वतःच्या निवासापेक्षा लोकांच्या स्नानाच्या जागेवर खर्च अधिक, हा हिशेब त्या एका किल्ल्यातच स्पष्ट दिसतो.

मोडकळीस आलेल्या देवालयाचा उद्धार करण्याचे पुण्य नवे देवालय बांधण्याहून अधिक, अशी आपल्या धर्मशास्त्रातील धारणा आहे. अहिल्यादेवींनी ती अक्षरशः आचरणात आणली. काशीचे विश्वनाथ मंदिर १६६९ मध्ये औरंगजेबाच्या आज्ञेने पाडले गेले होते. ते पुन्हा उभारावे ही मल्हाररावांची इच्छा त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही. मूळ जागा मिळणे शक्य नव्हते. त्या हट्टापायी देवाची पूजा आणखी किती पिढ्या अडवून धरावयाची, हा प्रश्न होता. अहिल्यादेवींनी लगतच्या जागेवर मंदिर उभारले. १७८० च्या सुमारास ते पूर्ण झाले. जागा लहान, गल्ल्या अरुंद. तरीही पूजा सुरू झाली आणि ती आजतागायत सुरू आहे. पुढे दौलतराव शिंदे यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८२८ मध्ये ज्ञानवापीचा मंडप बांधला, पंजाबचे महाराजा रणजितसिंह यांनी शिखरासाठी सोने दिले. डिसेंबर २०२१ मध्ये मंदिराभोवतीचा विस्तीर्ण परिसर भाविकांसाठी खुला झाला, तेव्हा तेथे अहिल्यादेवींचा पुतळाही बसविण्यात आला.

सोमनाथासही त्यांनी हीच वाट धरली. भग्न मंदिराच्या जागेपासून थोड्या अंतरावर १७८३ मध्ये त्यांनी नवे मंदिर बांधले आणि मुख्य लिंगाची स्थापना तळघरात केली. वर एक लिंग आणि त्याच्या खाली दुसरे, अशी ही रचना आहे. पुन्हा आक्रमण झाले तर देव सुरक्षित राहावा हा त्यामागील हेतू सांगितला जातो. स्वातंत्र्यानंतर भव्य मंदिर उभे राहिले आणि ११ मे १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते प्राणप्रतिष्ठा झाली. त्यानंतर जुने मंदिर सोडून दिले गेले असते तर फारसे कोणाला वावगे वाटले नसते. पण स्थानिक भाविकांनी तेथील पूजाअर्चा चालू ठेवली. ऑगस्ट २०२१ मध्ये या जुन्या मंदिराच्या नूतनीकृत परिसराचे लोकार्पण झाले. सोमनाथला जाणाऱ्या यात्रेकरूंनी समुद्राकडील भव्य मंदिर पाहून तसेच माघारी फिरू नये. काही पावलांवर असलेल्या या मंदिराच्या तळघरात उतरून दर्शन घ्यावे.

गयेचे विष्णुपद मंदिर १७८७ मध्ये पूर्ण झाले. काळसर दगडाचे खांब, अष्टकोनी गाभारा आणि त्यावरील उंच शिखर अशी ही वास्तू आहे. आज पितृपक्षात लाखो लोक येथे येतात आणि त्याच मंडपात, त्याच खांबांच्या सावलीत आपल्या पितरांसाठी पिंड देतात.

आपल्या महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर वेरूळचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार प्रथम शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले यांनी केला. त्यानंतर होळकरांच्या घराण्याने, प्रथम गौतमाबाईंनी आणि पुढे अहिल्यादेवींनी, हे काम हाती घेतले. तांबूस दगडाचे हे मंदिर म्हणजे कोणा एका दात्याची वास्तू नसून पिढ्यापिढ्यांनी दिलेल्या हातांचे ते फळ आहे. जवळच असलेल्या शिवालय तीर्थाचा जीर्णोद्धारही अहिल्यादेवींनीच केला. पायऱ्यांच्या उतारावर लहान लहान देवळे असलेले हे कुंड पाहण्यास वेळ काढावा. घाईतील यात्रेकरू ते हमखास चुकवितात.

औंढा नागनाथास गेल्यास मंदिराच्या बाह्यभिंतीकडे नीट पाहावे. खालचा भाग यादवकाळातील, काळ्या पाषाणाचा, मूर्तींनी खच्चून भरलेला. वरचा भाग नंतरचा, विटा आणि चुन्याचा, पांढराशुभ्र. हा वरचा भाग परंपरेने अहिल्यादेवींच्या जीर्णोद्धाराशी जोडला जातो. भंगलेल्या जुन्या मूर्ती काढून टाकून नव्या बसविण्याचा प्रयत्न येथे झाला नाही. जे उरले होते ते राखले आणि जे पडले होते तेवढेच नव्याने बांधले. जुने कोठे संपते आणि नवे कोठे सुरू होते हे अडाण्यासही कळावे इतके ते स्वच्छ आहे. अलीकडे जीर्णोद्धार म्हणजे दगडावर तैलरंग, गाभाऱ्यात चकचकीत फरशी आणि ओवऱ्यांना सिमेंटचा गिलावा असा समज गावोगावी दृढ झाला आहे. देणगीदाराची श्रद्धा खरी असते, पण दगडाला श्वास घेता येत नाही, आत ओल कोंडते आणि काही वर्षांत पापुद्रे सुटू लागतात. जुने गवंडी चुना घाणीत मळून, त्यात गूळ आणि बेलफळाचा गर घालून वापरीत, त्यामागे पिढ्यांचा अनुभव होता. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात २०२४ मध्ये झालेल्या जतनाच्या कामात मागाहून बसविलेल्या फरशा व आवरणे काढून मूळचा पाषाण मोकळा करण्यात आला, ही समाधानाची गोष्ट होय.

अहिल्यादेवींच्या कामाची यादी येथे संपत नाही. अयोध्या, मथुरा, हरिद्वार, बद्रीनाथ, द्वारका, जगन्नाथपुरी, रामेश्वर अशा दूरदूरच्या क्षेत्री त्यांनी घाट, धर्मशाळा, विहिरी आणि अन्नछत्रे उभी केली. परळी वैजनाथ, जेजुरी, पंढरपूर, चांदवड येथेही त्यांची कामे आहेत. यांतील बहुतेक ठिकाणे होळकरांच्या राज्याबाहेर, अन्य सत्तांच्या मुलखात होती. तेथे फौज नव्हती, वसुलीचा हक्क नव्हता. काम करून घ्यावयाचे ते तेथील पुजारी, गवंडी, पाथरवट आणि कारभारी यांच्या भरवशावर.

आणि येथेच त्यांच्या व्यवस्थेचे मर्म आहे. १७३४ मध्ये पेशव्यांकडून गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर मिळाली होती. हे उत्पन्न दौलतीच्या खजिन्यापासून वेगळे असे. गौतमाबाईंच्या पश्चात ते अहिल्यादेवींकडे आले आणि धर्मकार्याचा खर्च त्यांनी याच खासगीतून केला. रयतेच्या करातून घेतलेला पैसा राज्यकारभारासाठी आणि देवाधर्माचा पैसा स्वतःच्या वाट्यातून, हा भेद त्यांनी कटाक्षाने पाळला. देऊळ बांधून झाले म्हणजे काम संपले असे त्यांनी कधी मानले नाही. पूजेचा, नैवेद्याचा, दिवाबत्तीचा, पुजाऱ्याच्या चरितार्थाचा आणि दुरुस्तीचा खर्च कोठून भागेल हे त्या ठरवून देत. उत्तरेतील गंगेचे पाणी कावडीने दूरदूरच्या देवस्थानांना अभिषेकासाठी पोहोचविण्याची व्यवस्थाही होती. ज्या वास्तूत रोज दिवा लागतो, झाडलोट होते, माणसे जातात-येतात, तेथे छपराला गळती लागली तर दुसऱ्या दिवशीच कळते. ओस पडलेल्या देवळात ती भिंत खचल्यावर कळते. देवस्थानाच्या कारभारात ज्यांनी आयुष्य घालविले त्यांना हे निराळे सांगावयास नको.

राज्यकारभारातही हीच दृष्टी होती. रानातून जाणाऱ्या वाटसरूंना उपद्रव देणाऱ्या भिल्लांनाच त्यांनी वाटांच्या रक्षणाची जबाबदारी दिली आणि त्याबद्दल भिलकवडी नावाचा अल्प कर घेण्याची मुभा दिली. महेश्वरात विणकर आणून वसविले. तेथील लुगड्यांच्या काठांवर किल्ल्याच्या आणि घाटाच्या नक्षीचे ठसे उमटले. महेश्वरी साडीचा लौकिक तेव्हापासूनचा. त्यांच्या नाण्यांवर शिवलिंग आणि बिल्वपत्र असे. राज्य शंकराचे आणि आपण त्याच्या आज्ञेने चालणाऱ्या सेविका, या भावनेने त्या हुकमांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराचे नाव घालीत.

अखेरची वर्षे मात्र दुःखाची गेली. मुक्ताबाईंचा मुलगा नथ्याबा, ज्याच्यावर आजीचा सारा जीव होता, तरुणपणीच गेला. १७९१ मध्ये जावई यशवंतराव फणसे निवर्तले आणि मुक्ताबाई नर्मदातीरी सती गेल्या. एके काळी सासऱ्यांच्या शब्दाखातर स्वतः चितेवरून परतलेल्या अहिल्यादेवींना आपल्या लेकीला थांबविता आले नाही. त्यानंतरही कारभार चालू राहिला, दूरदेशीची कामे चालू राहिली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी, श्रावण वद्य चतुर्दशीस, महेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

त्यांच्या पश्चात यशवंतराव होळकरांच्या काळात महेश्वरच्या घाटावर त्यांची छत्री बांधण्यास प्रारंभ झाला. १८१८ नंतर राजधानी इंदूरला गेली आणि महेश्वर मागे पडले. होळकर संस्थान १९४८ मध्ये मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा खासगीच्या देवस्थानांचे पुढे काय, असा प्रश्न उभा राहिला. १९६२ मध्ये इंदूर येथे त्यांच्यासाठी न्यास स्थापन झाला. देशभरातील सुमारे अडीचशे वास्तू, देवळे, घाट, धर्मशाळा, छत्र्या आणि कुंडे, त्याच्याकडे आल्या. यांतील काही मालमत्तांच्या विक्रीवरून पुढे वाद झाला, तो न्यायालयात गेला आणि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या न्यासास मध्य प्रदेशातील सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू होतो असा निर्णय दिला. एका घाटाची किंवा धर्मशाळेची किंमत बाजारभावाने ठरू लागली की काय होऊ शकते, हे या प्रकरणाने सर्वांच्या लक्षात आणून दिले.

याउलट चांगली उदाहरणेही आहेत. इंदूरच्या राजवाड्याचा मागील भाग १९८४ च्या दंगलीत जळाला होता. उषाराजे होळकर यांच्या पुढाकाराने २००६-०७ च्या सुमारास तो जुन्याच पद्धतीने पुन्हा उभा राहिला. महेश्वरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड व सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी स्थापन केली. बंद पडत चाललेले हातमाग किल्ल्यातील होळकरांच्या जुन्या वास्तूंत पुन्हा सुरू झाले आणि त्यांवर प्रामुख्याने स्त्रियांना काम मिळाले. ज्या दगडी दालनांत वटवाघळांनी वस्ती केली असती तेथे आज धोट्यांचा आवाज ऐकू येतो. किल्ल्याचा एक भाग २००० पासून अतिथीगृह म्हणून वापरला जात आहे. एवढा खर्चिक मुक्काम सामान्य यात्रेकरूच्या आवाक्याबाहेरचा आहे हे खरे. पण छप्पर शाबूत राहिले, हेही तितकेच खरे.

महाराष्ट्रात जुन्या बारवांकडे लोकांचे लक्ष गेल्या काही वर्षांत नव्याने वळले आहे. गावोगावच्या तरुणांनी सुटीच्या दिवशी जमून गाळ उपसला, झुडपे तोडली, पायऱ्या मोकळ्या केल्या आणि २०२१ पासून महाशिवरात्रीस अशा अनेक बारवांत दीपोत्सव होऊ लागले. कचरा टाकण्याची जागा झालेल्या बारवेत पणत्यांच्या उजेडात पाणी चमकताना पाहून गावातील वडीलधाऱ्यांचे डोळे पाणावले असल्यास नवल नाही. ६ मे २०२५ रोजी, अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त, राज्य मंत्रिमंडळाची बैठक चौंडी येथे भरली आणि त्यांच्या काळातील तलाव, विहिरी, घाट व कुंडांच्या दुरुस्तीस मान्यता देण्यात आली.

चौंडी येथे दरवर्षी ३१ मे रोजी जयंतीनिमित्त मोठा मेळा भरतो. ज्यांना गर्दी टाळून दर्शन घ्यावयाचे असेल त्यांनी अन्य दिवशी जावे. जन्मस्थानाची गढी व नदीकाठचा परिसर निवांतपणे पाहता येतो. महेश्वरास जाणाऱ्यांनी शक्यतो सकाळीच किल्ल्यावर पोहोचावे. अहिल्यादेवींच्या वाड्यातील देवघरात त्या वेळी लिंगार्चनाची पूजा असते. ब्राह्मण मंडळी ओल्या काळ्या मातीची इवलीशी शिवलिंगे हातांनी वळून पाटावर मांडतात, त्यांची पूजा करतात आणि पूजा आटोपली की ती सारी माती नर्मदेत विसर्जित होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नवी माती आणली जाते.